चालकांमधला न सापडलेला स्लीप ॲप्निया: तपासणी कशी करायची आणि सापडल्यावर काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मालवाहू आणि प्रवासी गाड्यांच्या एका मोठ्या ताफ्याच्या सुरक्षेची जबाबदारी तुमच्याकडे आहे. सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी आपोआप कडेला गेल्याचे प्रकार घडल्यावर तुम्ही सगळ्या चालकांकडून झोपेची प्रश्नावली भरून घेतली. जवळजवळ सगळ्यांनी 'घोरत नाही, दिवसा पेंग येत नाही' असं लिहून दिलं. आता स्लीप स्टडी (झोपेतला श्वास, ऑक्सिजन वगैरे नोंदणारी तपासणी) कुणाची करायची, बारीक अंगाच्या चालकांना वगळलं तर चालेल का, आणि ज्याला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, निघेल त्याला गाडीवरून उतरवायचं का, हे तुम्हाला हवं आहे.

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. चालकाने 'हो, मी घोरतो' लिहिलं तर त्याची ड्यूटी जाते की राहते, हे त्याला फॉर्म हातात घेण्याआधी माहीत असतं. तुम्ही सांगितलं नसेल तर त्याने आपल्यापुरता अंदाज बांधलेला असतो, आणि तो अंदाज वाईटच असतो. घर ज्याच्या पगारावर चालतं तो माणूस अशा कागदावर खरं लिहील अशी अपेक्षा मी तरी ठेवत नाही. म्हणून पहिलं काम प्रश्नावली सुधारण्याचं नाही. पहिलं काम लेखी धोरणाचं आहे: आजार निघाला म्हणून कुणाची नोकरी जाणार नाही, तपासणीचा आणि उपचाराचा खर्च मालक करेल, त्या दिवसांचा पगार कापला जाणार नाही, उपचार लागू पडले की माणूस त्याच कामावर परत येईल. हे चार मुद्दे कागदावर उतरून चालकांच्या हातात पडले, की पुढची तपासणी निम्मी सोपी होते.

आता आजाराबद्दल थोडं, कारण अजून बरेच जण त्याला 'जास्त घोरणं' एवढंच समजतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो त्यांच्यात श्वास आत ओढताना तो मिटतो, ओली कागदी नळी जोरात ओढली की मिटते तसा. हवा दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबली तर तो एक ॲप्निया धरतात. अर्धवट अडथळेही मोजतात. दर तासाला असे किती प्रसंग होतात त्या आकड्याला एएचआय म्हणतात: ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. एएचआय ३० असलेला माणूस सात तास झोपला तर रात्रीत दोनशेहून जास्त वेळा त्याचा श्वास अडतो.

स्लीप स्टडीचा आलेख कधी जवळून पाहायला मिळाला तर जरूर पाहा, म्हणजे चालकांना समजावणं सोपं जाईल. वरच्या ओळीत नाकातल्या हवेचा प्रवाह असतो, लाटांसारखा. एकाएकी ती ओळ सपाट होते. खालच्या दोन ओळी छाती आणि पोटाच्या पट्ट्यांच्या. त्या मात्र हलत राहतात, किंबहुना आणखी जोरात हलतात. म्हणजे माणूस श्वास घ्यायची धडपड करतो आहे, हवा आत जात नाही. वीस सेकंद जातात, तीस जातात. ऑक्सिजनची ओळ ९५ वरून घसरत ऐंशीच्या घरात येते. मग मेंदूच्या लहरी एकदम दाट होतात, घशातून मोठा आवाज येतो, हवा सुरू होते. माणूस तीन-चार सेकंदांपुरता जागा झालेला असतो, पण सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. त्याच्या लेखी तो रात्रभर ढाराढूर झोपलेला असतो.

इथेच रस्त्यावरच्या धोक्याचं मूळ आहे. झोपेचे तुकडे होत राहिले की दिवसा मेंदू ती उधारी वसूल करतो, आणि त्यासाठी तो परवानगी मागत नाही. तीन-चार सेकंदांची डुलकी लागते. कधी डोळे उघडे असतानाच. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर पुढे जाते, आणि त्या ९० मीटरमध्ये तिला चालक नसतो. म्हणूनच झोपेमुळे झालेल्या अपघातांची खूण ओळखीची असते: एकच गाडी, सरळ रस्ता, पहाटेची किंवा दुपारची वेळ, आणि रस्त्यावर ब्रेकच्या टायरखुणा नाहीत. तुम्ही सांगितलेल्या घटनांच्या नोंदी याच नजरेने पुन्हा वाचा. 'ताबा सुटला' असा शेरा असेल तिथे वेळ कोणती होती आणि टायरखुणा होत्या का, हे शोधा.

धोका किती वाढतो? वेगवेगळ्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००९ साली प्रसिद्ध झालं, त्यात स्लीप ॲप्निया असलेल्या चालकांचा अपघाताचा दर इतरांच्या सुमारे १.२ ते ४.९ पट निघाला. आणि आजार दुर्मीळ नाही. २०१९ साली 'लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन'मध्ये आलेल्या अंदाजानुसार जगात ३० ते ६९ वयोगटातल्या सुमारे ९४ कोटी लोकांचा एएचआय ५ किंवा जास्त आहे, त्यातल्या साडेबेचाळीस कोटींचा १५ किंवा जास्त. बैठं काम, वाढतं वजन, बहुतेक पुरुष, चाळिशीच्या पुढचं वय, असा चालकवर्ग असला की प्रमाण आणखी वाढतं. अमेरिकेत व्यावसायिक ट्रकचालकांची पाहणी झाली तेव्हा सुमारे २८ टक्के चालकांना सौम्य ते तीव्र यांपैकी कुठला तरी ॲप्निया होता.

यातल्या बहुसंख्यांना आपल्याला काही आजार आहे हे माहीतच नसतं. १ डिसेंबर २०१३ ला सकाळी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये मेट्रो-नॉर्थची लोकल ताशी ४८ किलोमीटरच्या वळणावर १३० च्या वर वेगाने आली आणि रुळांवरून उतरली. ४ माणसं गेली, ६० हून जास्त जखमी झाली. मोटरमन दारू प्यायलेला नव्हता, अंमली पदार्थ नव्हते, ब्रेक ठीक होते. अपघातानंतर तपासणी झाली तेव्हा त्याला तीव्र स्लीप ॲप्निया निघाला. तो आधी डॉक्टरांकडे गेलेला होता, थकव्याची तक्रारही नोंदलेली होती. झोपेबद्दल कुणी तपासच केला नव्हता. पुढे २०१६ च्या सप्टेंबरात होबोकन स्टेशनवर आणि २०१७ च्या जानेवारीत ब्रुकलिनमध्ये लोकल गाड्या रुळाच्या टोकाच्या अडथळ्यावर आदळल्या. दोन्हीकडे चालवणाऱ्याला न सापडलेला तीव्र ॲप्निया होता. रेल्वेची उदाहरणं देतो आहे, कारण तिथे चौकशी खोलवर होते. रस्त्यावरच्या अपघातात चालकच गेलेला असेल तर त्याची झोप कशी होती हे तपासणार कुणाकडून?

आता मूळ प्रश्नाकडे. तुम्ही वापरलेली प्रश्नावली बहुधा एपवर्थची असावी. ऑस्ट्रेलियातल्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केलेली, आठ प्रसंगांची. बसून वाचताना, टीव्ही बघताना, गाडी सिग्नलला थांबलेली असताना पेंग येण्याची शक्यता किती, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज १० च्या वर गेली की दिवसाची झोप जास्त. दवाखान्यात स्वतःहून आलेल्या रुग्णासाठी ती उत्तम आहे. नोकरीसाठी तपासायला पाठवलेल्या चालकासाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यातला एक प्रसंग 'दुपारी आडवं पडलं तर' असा आहे. निरोगी माणूसही तिथे एक-दोन गुण देतो. धडधाकट माणसांची बेरीजही साधारण चार-पाचच्या आसपास येते. तेव्हा ज्या फॉर्मवर आठही रकान्यांत शून्य आहे, तो माणूस कमालीचा ताजातवाना आहे असं समजू नका. तो फॉर्म घाबरून भरला आहे असं समजा.

दुसरी एक अडचण आहे आणि तिचा खोटेपणाशी काही संबंध नाही. वर्षानुवर्षं तुटक झोपेवर जगलेल्या माणसाला ताजं असणं कसं वाटतं याचा विसर पडलेला असतो. त्याला पेंग येते हे त्याला जाणवतच नाही. असे चालक उपचारानंतर मला सांगतात, 'डॉक्टर, मला वाटायचं वय झालं की असंच होतं.' एएचआय आणि जाणवणारी पेंग यांचं नातंही सरळ नाही. तीव्र ॲप्निया असून फारशी पेंग न येणारे असतात आणि सौम्य असून दिवसभर झापड असणारेही असतात.

म्हणून माझा सल्ला असा की तोंडी उत्तरांवरचं वजन काढून मोजमापांवर टाका. स्टॉप-बँग नावाची आठ खुणांची चाळणी आहे: घोरणं, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलेला असणं, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. यातल्या पहिल्या तीनच गोष्टींसाठी चालकाच्या शब्दाची गरज आहे. उरलेल्या पाच तुमची नर्स मापपट्टी, वजनकाटा आणि बीपीच्या यंत्राने पाच मिनिटांत भरते. मानेचा घेर घशाच्या उंचवट्याखाली, मान सरळ ठेवून, पट्टी न आवळता घ्यायचा.

तीन-चार खुणांना मध्यम धोका आणि पाच किंवा जास्त खुणांना मोठा धोका धरतात. इथे एक खाचखळगा आहे. तुमचे चालक बहुतेक पुरुष, त्यातले पुष्कळ पन्नाशीपुढचे, आणि बीपी तर अनेकांना. म्हणजे तीन खुणा अर्ध्या ताफ्याला लागतील. सगळ्यांची स्लीप स्टडी एकदम करणं जमलं तर उत्तमच. पण बहुतेक ठिकाणी ते रेंगाळतं आणि मग कुणाचीच होत नाही. मी क्रम असा लावेन. ज्याची गाडी झोपेमुळे रस्त्याच्या कडेला गेल्याची शंका आहे, किंवा जो स्वतः डोळा लागल्याचं सांगतो, त्याची गाडी आजच थांबवा आणि या आठवड्यात तपासा. त्यानंतर केवळ मोजलेल्या पाच खुणांपैकी चार किंवा पाच असलेले. मग ज्यांचा बीपी तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नाही असे. या गटात ॲप्निया फार सापडतो आणि तो नेमका दुर्लक्षित राहतो. मग मधुमेह, हृदयाची अनियमित लय किंवा पूर्वी पक्षाघात झालेले. उरलेले तीन खुणांचे चालक पुढच्या काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने. तपासणीची वाट बघताना या नंतरच्या गटांना काम चालू ठेवू द्यावं, फक्त शक्यतो पहाटेच्या फेऱ्यांपासून लांब ठेवून, आणि तारीख ठरवून. तारीख नसलेली वाट बघणं सगळ्यात घातक.

बारीक चालकांबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. अमेरिकेत वैद्यकीय सल्लागारांनी २०१६ साली सुचवलेल्या निकषांत बीएमआय ४० असेल तर थेट तपासणी आणि ३३ च्या वर असेल तर इतर तीन खुणांसोबत तपासणी असं होतं. ते तसंच्या तसं उचललं तर आशियाई वंशाच्या चालकांमधले बरेच रुग्ण हातचे सुटतील. या लोकांत जबड्याची ठेवण अशी असते की कमी वजनातही घसा अरुंद राहतो. तेव्हा वजनाबरोबर चेहरा बाजूने बघायला डॉक्टरांना सांगा: हनुवटी मागे गेलेली आहे का, खालचा जबडा आखूड आहे का. तोंड उघडून जीभ बाहेर काढायला लावली की मागची पडजीभ दिसते का. ती जिभेआड पूर्ण झाकली जात असेल तर बीएमआय २४ असला तरी मी त्या चालकाला यादीत घेईन. महिला चालकांमध्येही सावध राहा. त्यांच्यात घोरण्यापेक्षा थकवा, सकाळची डोकेदुखी, झोप नीट न लागणं अशा तक्रारी पुढे येतात, आणि रजोनिवृत्तीनंतर प्रमाण वाढतं.

घरच्यांना विचारायला विसरू नका, मात्र चालकाच्या संमतीने. रात्री श्वास थांबतो, मग एकदम हुंदका दिल्यासारखा सुरू होतो, हे शेजारी झोपणाऱ्यालाच माहीत असतं. माझ्याकडे चालक बायकोसोबत आला की मी प्रश्न त्याला विचारतो आणि नजर तिच्याकडे ठेवतो. तो 'थोडंफार घोरतो' म्हणतो, ती खाली बघते. मग ती हळूच सांगते की श्वास अडला की ती त्याला हलवून कुशीवर वळवते, आणि त्यापायी तिचीही झोप होत नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत दुसरा चालक किंवा क्लीनर हाच साक्षीदार असतो. पण त्याला चुगली केल्यासारखं वाटू देऊ नका. ती माहिती डॉक्टरांकडे जावी, ऑफिसात नाही.

याच ओघात गोपनीयतेचं सांगतो. स्लीप स्टडीचा रिपोर्ट डॉक्टर आणि चालक यांच्यात राहायला हवा. तुमच्याकडे तीनपैकी एकच शेरा यावा: चालवायला योग्य, अटींसह योग्य, तूर्त अयोग्य. रिपोर्टच्या प्रती टेबलावर फिरू लागल्या की पुढच्या चालकाकडून खरं काही बाहेर येणार नाही.

स्लीप स्टडी घरी होऊ शकते: नाकात बारीक नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. चालकांच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे यंत्र त्याच माणसाने लावलं याची खात्री हवी. अंगावर लावल्यावर सीलबंद पट्टी बांधायची सोय असलेली यंत्रं मिळतात. नसेल तर केंद्रात झोपवून तपासा. दुसरं, घरचं यंत्र बहुधा मेंदूच्या लहरी नोंदत नाही, त्यामुळे माणूस झोपला किती हे त्याला कळत नाही. रात्रीतले दोन तास जागा राहिला तर तेही भागाकारात मोजले जातात आणि आकडा खोटा कमी दिसतो. म्हणून शंका दाट असून घरची तपासणी साफ आली तर तिच्यावर थांबू नका, केंद्रातली पूर्ण रात्रीची तपासणी करा.

आणि आजार निघाला तर? युरोपियन संघाने २०१४ साली निर्देश काढून हा प्रश्न वाहनपरवान्याच्या नियमांत आणला. एएचआय १५ किंवा जास्त आणि सोबत दिवसाची जास्त झोप असेल तर परवाना देण्याआधी तज्ज्ञाचं मत घ्यायचं. उपचार नियमित चालू आहेत आणि झोपेवर ताबा आला आहे असं दिसलं की परवाना द्यायचा. आणि फेरतपासणी साध्या चालकाची जास्तीत जास्त तीन वर्षांनी, ट्रक-बसवाल्यांची एका वर्षाने करायची. मला हा नियम आवडतो, कारण त्यात परतीची वाट लिहिलेली आहे. अमेरिकेत ट्रक आणि रेल्वेचालकांसाठी २०१६ च्या मार्चमध्ये असाच प्रस्ताव पुढे आला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये मागे घेतला गेला. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, आणि आधी सांगितलेल्या लोकल गाड्यांची चौकशी वाचणाऱ्या कुणालाही तसंच वाटेल. पण कायद्याची वाट न बघता काम करता येतं. तिथल्याच श्नायडर या ट्रक कंपनीने चालकांची तपासणी करून उपचार सक्तीचे केले. त्या नोंदींवरचा अभ्यास २०१६ साली आला: ज्यांनी सांगूनही उपचार घेतले नाहीत त्यांच्यात टाळता येण्याजोग्या मोठ्या अपघातांचा दर पाचपट होता. ज्यांनी उपचार घेतले त्यांचा दर ॲप्निया नसलेल्या चालकांसारखाच होता. तुमच्या मालकांना पटवायचं असेल तर हाच अभ्यास पुढे ठेवा.

मुख्य उपचार सीपॅप. ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली प्रथम मांडलेला. मास्कमधून हलक्या दाबाची हवा घशात जाते आणि घसा मिटत नाही. गोळी घेऊन महिने वाट बघावी लागते असा हा प्रकार नाही. पेंग पहिल्या काही रात्रींतच कमी होऊ लागते, आणि सिम्युलेटरवरचं चालवणं आठवड्याच्या आत सुधारलेलं अभ्यासांत दिसलं आहे. त्यामुळे बहुतेक चालक काही आठवड्यांत परत गाडीवर येऊ शकतात. हे चालकांना आधीच सांगा. 'कायमचं बसावं लागेल' ही भीती त्याने बरीच ओसरते. मध्यम आजारात खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी काहींना चालते. वजन कमी करणं सगळ्यांनाच फायद्याचं, पण ते होईपर्यंत गाडी चालवायची तर सीपॅप हवाच.

यंत्र किती वापरलं याची नोंद यंत्रातच होते. दिवसाला चार तास, सत्तर टक्के रात्री, हा आकडा तुम्हाला सगळीकडे दिसेल. तो किमान आहे, चालकासाठी मी त्यावर समाधान मानत नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरात जास्त असते, आणि बहुतेकांचा ॲप्निया त्याच झोपेत सगळ्यात वाईट असतो. ज्याने चार तासांनी मास्क काढून टाकला त्याने नेमके तेच तास उघडे टाकले. नोंदी बघताना सरासरी तासांबरोबर मास्क किती वाजता निघतो ते बघा. तसंच ड्यूटीच्या आदल्या रात्रीचा वापर वेगळा काढा, कारण एक-दोन रात्री यंत्र सुटलं तरी पेंग परत येऊ लागते.

सुटण्याचं कारण पुष्कळदा अगदी व्यवहारी असतं. चालक केबिनमध्ये झोपतो आणि तिथे यंत्राला वीज नसते. मोठ्या ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते. ती वीज यंत्राला चालेल अशी करून देणारा, यंत्राच्या कंपनीचाच डीसी कन्व्हर्टर लागतो. सगळ्यात जास्त वीज ओलावा देणारा हीटर खातो. तो बंद ठेवला की छोटी बॅटरीही रात्रभर पुरते. नाक कोरडं पडत असेल तर खाऱ्या पाण्याचा स्प्रे वापरावा. गाडीला सॉकेट बसवून देणं तुमच्या हातात आहे आणि ते तपासणी सुरू करायच्या आधी करून ठेवा.

नियमित वापर असूनही पेंग राहिली तर मास्कवर खापर फोडू नका. आधी ड्यूटीचं वेळापत्रक बघा. पाच तासांची झोप कितीही अखंड असली तरी ती पाचच तासांची. मग औषधं बघा. सर्दीच्या आणि खाजेच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते, आणि झोपेच्या काही गोळ्या व दारू तर घसा आणखी सैल करतात. त्यानंतरही उरली तर झोपतज्ज्ञाकडे पाठवा. जागं राहण्याची क्षमता मोजणारी चाळीस मिनिटांची चाचणी असते: मंद उजेडाच्या शांत खोलीत टेकून बसायचं आणि झोपायचं नाही. शंकेच्या वेळी चालकाच्या आणि माझ्या दोघांच्याही मतापेक्षा मी तिला जास्त मानतो.

व्यावसायिक चालकाची फेरतपासणी वर्षाने एकदा करा. मधल्या काळात वजन दहा टक्क्यांनी वाढलं, बीपी बिघडला, किंवा गाडी थोडक्यात वाचल्याचा प्रकार घडला, तर वर्ष पुरं व्हायची वाट बघू नका. आणि आज स्लीप स्टडी साफ आलेल्या पस्तिशीच्या चालकाचं नाव यादीतून कायमचं काढू नका; वाढत्या वयाबरोबर आणि वजनाबरोबर हा आजार पुढेही लागू शकतो.